भेगेवरची काच

वाडीवरचा झरा दरवर्षी माघापर्यंत वाहायचा. यंदा तो दसऱ्यालाच आटला आणि खाली दगडखाणीच्या कड्यातल्या भेगेतून पाणी झिरपू लागलं. श्रुतिकाचा नवरा हृतिक त्याच कड्याखाली ड्रिल मारायचा. मालकाने महाडहून इंजिनीअर आणला. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. "पाण्याने कातळ सरकायला लागला, तर आधी ही काच तडकेल. तडकली की सगळ्यांना बाहेर काढायचं," असं मुकादमाला बजावून तो गेला.

तेव्हापासून लेकीला कडेवर घेऊन श्रुतिका डबा पोचवायला रोज स्वतः जाऊ लागली. आधी काचेकडे बघायची, मग नवऱ्याकडे. महिना झाला तरी काच शाबूत होती. तिला पुन्हा झोप लागायला लागली.

आज मात्र तिला एक गोष्ट खटकली. डंपर, झाडं, माणसं, सगळ्यांवर बोटभर धूळ बसली होती आणि काच तेवढी लखलखत होती.

"मोरूकाका, काच रोज पुसता वाटतं?" तिने खाणीवरच्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"पुसतो कशाला गो? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बदलतो," मोरूकाका म्हणाले. "तू नको काळजी करू, माझं ध्यान हाय. फुटकी काच पोरांच्या डोक्यावर ठेवू नये, अपशकुन होतो. ही चौथी."