ऑक्टोबरचं पान

हंगेरीतल्या त्या तळ्यात गुडघाभर पाणी.

नेदरलँड्समधलं, मेपेलचं घर विकलं. एक सप्टेंबरला किल्ल्या द्यायच्या, त्याआधी परदेशात नवं घर शोधायचं.

स्पेनमध्ये मलागाच्या वरच्या गावात कुत्री फार. त्याहून जास्त आपलेच डच लोक, सकाळी अकरापासून बिअर घेऊन बसलेले.

आई म्हणायची, विलेमीनला दार उघडून या म्हणा, उंबऱ्यावरून परत फिरेल. तोंडावर लावून घ्या, खिडकीतून आत येईल.

बिस्किटांचा डबा एकदा फिरला. झाकण बसलं.

झाकण लावलं ते हेर्माने, विलेमीनच्या थोरल्या बहिणीने. आठ वर्षांनी दोघी एका टेबलाशी बसल्या होत्या आणि माणशी एक बिस्किट मिळालं होतं. कॉफीचे तीन कप मात्र आधीच मांडलेले होते.

विलेमीनला इथे यायचंच नव्हतं. बारेंडने, तिच्या नवऱ्याने, पोर्तुगालमध्ये ताविराच्या वरच्या टेकड्यांत एक घर पाहायचंय एवढंच सांगितलं होतं. ते हेर्माच्या कुंपणाला लागून आहे हे तो शेवटच्या वळणावर बोलला. घर बघीन, तिच्या दारात पाय ठेवणार नाही, असं विलेमीनने बजावलं होतं. पण घर रिकामं, मालक लिस्बनला, आणि किल्ली शेजारी. शेजारी म्हणजे हेर्मा. किल्ली मागायला गेल्यावर कॉफीला बसावंच लागलं.

घर पाहून झालं. दोन खोल्या, बदामाची चार झाडं, खाली दूरवर समुद्राची पट्टी. हंगेरीत बारेंडने तळ्याचं कौतुक केलं होतं, मलागात हवेचं. दोन्ही ठिकाणं विलेमीनने तिथल्या तिथे मोडीत काढली होती. इथे तो कशाचंच कौतुक करत नव्हता. उलट पायऱ्या फार आहेत म्हणाला, उन्हाळ्यात वणवे लागतात म्हणाला, दवाखाना लांब आहे म्हणाला. त्याच्या प्रत्येक वाक्याला विलेमीनची मान नकळत आडवी हलत होती.

पण त्या घराचं पाणी बंद होतं आणि सकाळपासूनचा प्रवास पोटात साठला होता. किल्ली परत करताना तिला विचारावंच लागलं.

हेर्माने पोर्चकडे बोट दाखवलं. "तिकडे. दिवा लागत नाही, दार उघडं ठेव. बघायला कोणी येणार नाही."

शौचालयात, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. डच घरात ते जिथे टांगतात तिथेच. त्याला वार नसतात, वर्ष नसतं, एक कॅलेंडर जन्मभर पुरतं. कोणाच्याही घरी गेलं तरी माणूस या खोलीत बसल्या बसल्या आपलं नाव शोधतोच. विलेमीननेही जूनची, जुलैची पानं उलटली. जुलैत आई होती. नावापुढे छोटासा क्रॉस, पेन्सिलचा, फिका पडलेला. गेलेल्या माणसाचं नाव खोडत नाहीत, पुढे क्रॉस काढतात. ऑगस्टमध्ये हेर्माचा नवरा पीट. तोही क्रॉस फिकाच.

नऊ ऑक्टोबर. विलेमीन, १९५७. क्रॉस.

हा पेन्सिलचा नव्हता. निळ्याशार शाईचा, इतका दाबून काढलेला की कागद मागच्या बाजूने उठला होता.

तिला हेर्माला पाठवलेलं आपलं ते कार्ड आठवलं. आईच्या नव्वदाव्या वाढदिवसाला सगळे गोल करून बसले होते आणि हेर्मा आली नव्हती. डिसेंबरात आई गेली. विलेमीनने लिहिलं होतं, तुझी खुर्ची गोलात रिकामी ठेवली होती, आता घडी करून माळ्यावर टाकली आहे. उत्तर आलं नव्हतं. उत्तर हे होतं तर.

ती बाहेर आली तेव्हा बारेंड हॅटची कड चाचपत उभा होता. हेर्मा बसून होती.

"मी कधी गेले?" विलेमीनने विचारलं.

"तुझं कार्ड आलं त्या दिवशी," हेर्मा म्हणाली. "आता किल्ली ठेव आणि निघ. तुला जमायचं नाही इथे. ऊन सोसायचं नाही, पायऱ्या चढवायच्या नाहीत. आणि मी तर मुळीच नाही."

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत."

"तोंड मात्र तेवढंच जुनं आहे."

विलेमीनने पुढे केलेली किल्ली मागे घेतली. पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. चेन ओढली.

"बारेंड, मालकाला फोन लाव. हे घर घेतलं आपण." मग बहिणीकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "रोज सकाळी आठ वाजता तुझ्या कुंपणावर माझे कपडे वाळत असतील, हेर्मा. मेलेल्या बाईचे. बघत बस."

बारेंड म्हणाला, जरा विचार करू, पावसाळ्यात रस्ता वाहून जातो म्हणतात. ती म्हणाली, विचार झाला.

"कुंपण माझं आहे," हेर्मा म्हणाली. "त्यावर काही टाकलंस तर कात्रीने कापून काढीन."

मग तिने कप उचलले आणि त्यांच्याकडे पाठ करून विसळू लागली. कप तीनच होते. नळ बराच वेळ चालू राहिला. गाडी टेकडी उतरून दिसेनाशी झाली तरी तो बंद झाला नव्हता.

शेजारचं घर विकायला निघालंय, ही बातमी मार्चमध्ये बारेंडला फोन करून हेर्मानेच दिली होती.