मागच्या बाजूला

दुपारी तीन वाजता एसीवाला आला. बाबांच्या हृदयाला हा उन्हाळा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“बाहेरचं युनिट रस्त्याच्या बाजूला लावू?”

“मागच्या बाजूला लावा,” ती म्हणाली.

एसीवाला हसला. “ताई, तुम्हीच ना त्या? हवामान वाचवा म्हणून शाळेत असल्यापासून रस्त्यावर बसणाऱ्या? आमच्याच दुकानासमोर आमच्या नावाने शंख केला होतात की!”

तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

संध्याकाळी मोर्चाचे फलक रंगवायला तिची मित्रमंडळी बाहेरच्या खोलीत जमली. ती बाबांकडे डोकावली. एसी बंद होता. बाबा घामाने निथळत होते आणि रिमोट त्यांच्या मुठीत होता.

“बाबा, हे काय?”

“हळू बोल. मंडळी जाऊ देत, मग लावतो.”

तिने हात पुढे केला. बाबा रिमोट देईनात.