पहिली धार

गरम पाणी उशिरा येतं, ही तक्रार मी नळदुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं ऐकतोय. या काकूंची तक्रार उलटी होती.

"लगेच येतं हो," त्या म्हणाल्या.

"मग बरंच आहे की." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी समजावलं, "गरम पाण्याची टाकी गच्चीवर, नळ खाली. मधल्या पाइपात पाणी गार होऊन बसतं. ते आधी निघायला मिनिटभर तरी लागतं. पहिलीच धार गरम आली, म्हणजे नुकताच कुणीतरी नळ वापरला. हा नियम कधी चुकत नाही."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. घरात मी एकटीच असते."

बाथरूमला खिडकी नव्हती. मी नळ घट्ट बंद केला, दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दारालाच खुर्ची लावून बसलो. काकू समोर बसल्या. तासभर आतून टिपूस पडल्याचाही आवाज आला नाही.

एव्हाना पाइप थंडगार झाला असणार. मी कुलूप काढून नळ सोडला.

पहिल्याच धारेनं बोटं पोळली.

शेजारच्या साबणावर ताजा फेस होता.

माझा नियम तीस वर्षांत कधी चुकला नव्हता. आजही चुकला नाही.