शून्य किमतीची बरणी

नव्या भट्टीसाठी बेकरीवालीने सात उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे हा गुंतवणूकदार दुकानात आला. अट सोपी वाटली: आज कर्ज, दोन वर्षांनी त्याच्या मनात आलं तर कर्जाच्या बदल्यात धंद्यात हिस्सा. हिस्सा किती, ते ठरवायला त्याने एकेका वस्तूची किंमत लावून आणली होती. पाव फुगवणाऱ्या आंबवणाच्या बरणीपुढे लिहिलं होतं, शून्य. आईने चाळीस वर्षं रोज पीठ घालून जगवलेलं ते आंबवण! बेकरीवालीने राग गिळला आणि पान उलटलं. शेवटची अट: हिस्सा घेतला की बरणी त्याची. “अहो, कवडीमोलाची बरणी तुम्हाला कशाला?” “ताई, ती निव्वळ कागदोपत्री बाब आहे,” तिच्याच पावाचा तिसरा तुकडा तोंडाशी नेत तो म्हणाला. तिने कागद बाजूला सारले, बरणी कडेवर घेतली. “त्या शून्यानेच फुगलाय तो पाव. ठेवा खाली!”