डावा गुडघा

बुरुजाच्या नव्वद पायऱ्या चढताना वेणीवालीची बडबड अखंड चालू होती. उतरताना मात्र ती गप्प झाली. एका हाताने भिंत धरून, एकेक पायरी जपून उतरू लागली.

"काय झालं?" चिमणीने विचारलं.

"डावा गुडघा. कोर्टवर पुढे झेपावलं की कळ येते." मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती आणखी हळू म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. आमच्या कोचना कळलं तर खेळू देणार नाहीत."

"मग एवढं चढलीस कशाला?"

"वरून बघितलं नाही, तर आमचं शहर काय बघितलंस?"

वेणीवाली यजमान संघातली. उद्या बॅडमिंटनच्या पहिल्याच फेरीत दोघी समोरासमोर होत्या. तरी सकाळी ती आपणहून हॉटेलवर आली होती. चिमणी पहिल्यांदाच परदेशात आलेली, खोलीत एकटी बसलेली. वेणीवालीने तिला दगडी बोळांतून हिंडवलं, जुन्या पुलावर फोटो काढले, वारा सुटला तेव्हा आपला मफलर तिच्या गळ्यात घातला.

संध्याकाळी आपल्या संघासोबत जेवताना चिमणीचे कोच, सर, म्हणाले, "काय चिमणाबाई, झाली भटकंती? उद्या गाठ तिच्याशी आहे, लक्षात आहे ना? बारा पॉइंट काढलेस तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं!"

सगळा संघ खो खो हसला. चिमणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"तिचा डावा गुडघा दुखतोय," ती बोलून गेली.

हसू थांबलं. सरांनी चमचा खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"तिनंच."

चिमणीने आवंढा गिळला, पण शब्द काही परत आत गेला नाही. सरांनी आपल्या ताटातला केकचा तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला. तो तिने खाल्लाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी एवढंच सांगितलं, "तिच्या डावीकडे, नेटजवळ. पुन्हा पुन्हा तिथंच."

पहिला गेम वेणीवालीने सहज घेतला. दुसऱ्यात चिमणी शटल डावीकडे, नेटच्या अगदी लगत टाकत राहिली. वेणीवाली दर वेळी झेपावायची, दर वेळी उठायला थोडा जास्त वेळ घ्यायची. तो गेम तिच्या हातून गेला. तिसऱ्याच्या शेवटी तर ती झेपावलीच नाही. उभ्या जागेवरून शटल पडताना बघत राहिली. सर खुर्चीवरून उडालेच. चिमणीला रॅकेट वर करायचं सुचलं नाही.

सामान आवरताना वेणीवाली लंगडत तिच्याकडे आली. सोबत एक पिकल्या केसांची बाई होती. बाईने चिमणीचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय, उद्या तुझी मॅच किती वाजता?" वेणीवाली म्हणाली. "म्हणते, पोर घरापासून इतकी लांब आलीय, तिच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणीतरी हवं. आम्ही दोघी येऊ."

मॅच अकराला होती.

"बाराला," चिमणी म्हणाली.