वाकून पाहिलेली फरशी

"उशी कशाला आणलीस इथं?"

"पाठीत सुया टोचून घेतलेला माणूस घरी पडून राहतो. तुम्हाला घरी पडायचं नाही ना? मग पडाल तिथं उशी असू दे," बायको म्हणाली आणि उशी मांडीवर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली.

तो हसला नाही. अर्धवट बांधलेल्या घराच्या रिकाम्या दिवाणखान्यात, चौकटीला हात टेकून उभा राहिला. पलीकडच्या टोकाला त्याची मुलगी गुडघ्यांवर बसून शेवटच्या ओळीसाठी सिमेंट-वाळूचा माल पसरत होती. बाकीची फरशी बसून, सुकून तयार होती.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला पालथं झोपवलं होतं आणि पडद्यावर मणका बघत बघत, त्याच्या बाजूच्या बारीक नसांपाशी बधिर करणारं औषध सोडलं होतं. "हे फक्त तपासणीपुरतं. संध्याकाळपर्यंत उतरेल," त्या म्हणाल्या होत्या. "त्याआधी, ज्यानं दुखतं तेच काम करा. दुखलं नाही, तर चोर सापडला. पुढच्या वेळी सुईच्या टोकाला उष्णता देऊन त्याच नसांना गप्प करू. दुखलं, तर चोर दुसराच. आणि आराम करत बसलात, तर मला काहीच कळणार नाही."

ज्यानं दुखतं ते काम त्याला एकच ठाऊक होतं. उभा जन्म त्यानं लोकांच्या घरांत वाकून काढला होता.

गेलं वर्षभर मात्र मुलगी फरशी बसवायची आणि तो खुर्चीतून बघायचा. काम आटोपलं की ती विचारायची, "बाबा, कसं झालंय?" त्याचं उत्तर ठरलेलं. "फरशी उभ्यानं कळत नाही. वाकून बघेन तेव्हा सांगेन." ते खरंच होतं. शिवाय तेवढं बोललं की पुढचं काही बोलावं लागत नसे.

मुलीनं माल पसरायची करणी खाली ठेवली. "डॉक्टर वाका म्हणाल्यात ना? मग वाका. उद्यापासून ही सबब चालायची नाही."

"सबब? कुणाची सबब?"

"शेजाऱ्यांची," ती म्हणाली. जिन्यावरून हसू ऐकू आलं.

तो वाकू लागला. अर्ध्यावर, जिथं नेहमी कमरेत कळ यायची आणि पायात वीज उतरायची, तिथं तो सवयीनं थांबला. श्वास रोखून वाट पाहिली. बायको उशी घेऊन उठून उभी राहिली. काहीच झालं नाही. मग एक गुडघा टेकला. मग दुसरा.

"दुखतंय का?" दोघींनी एकदमच विचारलं.

"गप्प बसा जरा. ऐकू द्या."

त्यानं बोटाच्या पेरानं फरशीवर टकटक केलं. आवाज भरीव आला. पुढच्या फरशीवर टकटक केलं. तोही भरीव. तो रांगत पुढे सरकला. खाली माल कमी पडला की फरशी बद्द वाजते; सगळ्या खोलीत कुठंतरी एक तरी बद्द वाजेलच, अशी त्याला खात्री होती. वाजली नाही. मग डोळे मिटून त्यानं सांध्यांवरून तळवा फिरवला. कुठं एक कड वर आलेली नाही, कुठं नख अडकत नाही. खिडकीखालचा कोपरा तपासायचा राहिला होता. तिथली भिंत काटकोनात नव्हती. अशा कोपऱ्यात तो स्वतः नेहमी थोडा रेटूनच तुकडा बसवायचा आणि वरून पांढरं सिमेंट भरायचा. इथं तिरका तुकडा भिंतीला असा बिलगला होता, की जणू तिथंच उगवला असावा.

त्याला ते पटेना. तो पुन्हा मागे रांगत गेला आणि तोच कोपरा दुसऱ्यांदा तपासून आला.

"अहो, पाठीचं सांगा की!" बायको ओरडली.

"पाठीचं काय?"

बोलून गेल्यावर तोच दचकला. पाठ आपल्याला आहे, हे तो मघापासून साफ विसरला होता. बायको उशी तोंडाशी धरून मटकन खाली बसली. ती हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

मुलगी जागची हलली नाही. "आणि फरशीचं?"

त्यानं तोंड उघडलं, एवढ्यात जिन्यावर बूट वाजले. ठेकेदार वर येत होता. बापाला गुडघ्यांवर बघून तो आनंदानं ओरडलाच, "अरे वा, मिस्त्री! वाकलात की! मग झालं तर. बरे झालात की धरा करणी. पोरीनं आता तुमचा माल कालवावा, पहिल्यासारखा."

मुलगी खाली मान घालून, स्वच्छच असलेली करणी फडक्यानं पुसू लागली.

"बूट काढा आधी," तो गुडघ्यांवरूनच म्हणाला. "आणि मिस्त्री त्या, तिकडं बसल्यात. मला हाताखाली घेतात का, विचारा त्यांना."