बाबा ऐकत होते

दौऱ्यातलं ते सहावं शहर. दुपारच्या उन्हात फुटपाथवर पाय ठरत नव्हता आणि गाड्यांच्या भोंग्यांनी तिचं डोकं उठलं होतं. पाठीवर व्हायोलिनची पेटी अडकवून ती हॉटेलकडे निघाली होती. चालता चालता तिने बाबांना फोन लावला. वाजवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

बाबा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आज कान निवले, पोरी. थांबू नकोस, वाजव."

तीस वर्षांत त्यांनी तिच्या वाजवण्याला कधी साधं 'बरं'सुद्धा म्हटलं नव्हतं.

"बाबा, मी रस्त्यात आहे. व्हायोलिन पेटीत बंद आहे."

"मग हे वाजवतंय कोण?"

तिला भोंग्यांपलीकडे काहीच ऐकू येईना. पण आपल्या वाट्याचं कौतुक कुणी नेलं, ते तिला पाहायचंच होतं. सूर कुठे वाढतात ते बाबांना विचारत ती झपाझप चालू लागली.

"आता जवळ आलं," हॉटेलचा जिना चढताना बाबा म्हणाले. मजल्यागणिक त्यांना सूर स्पष्ट होत गेले. तिला फक्त स्वतःची धाप ऐकू येत होती.

खोलीपाशी येऊन तिने किल्ली काढली.

"वाजवणं थांबलं," बाबांचा आवाज एकदम खाली आला. "दार उघडू नकोस. पावलं तुझ्याकडे येतायत."

आतली कडी निघाल्याचा आवाज मात्र तिलाही आला.